हृदय कुणाचं ऐकतं?

ए दोस्ता, एक गंमत करूया? तुझ्या हृदयाला हुकूम सोड बघू, 'जरा हळू चाल!'

ऐकलं त्यानं? छे! आता पोटाला सांग, 'सकाळची पोळी लवकर पचव!' तेही ढिम्म! ही मंडळी आपापलं काम करतात, आपल्याला विचारतसुद्धा नाहीत.

आता श्वासाला सांग, 'थांब.' थांबला! 'चल.' निघाला! तू गाढ झोपेत असताना तो आपला आपण चालतो आणि जागेपणी तुझं ऐकतोही. आहे की नाही नवल? (पापण्याही अशाच गुणी बरं का!)

आपल्याकडच्या योग्यांनी हे फार पूर्वी हेरलं आणि श्वासाला वळण लावायची युक्ती काढली. तिचं नाव प्राणायाम. श्वास आत घेणं म्हणजे पूरक, बाहेर सोडणं म्हणजे रेचक आणि रोखून धरणं म्हणजे कुंभक. कुंभ म्हणजे घडा! काठोकाठ भरलेला माठ कसा गप्प बसतो, तसंच. पण कुंभक मोठ्यांनी शिकून करायचा, हं. आपण तो नाही करायचा.

आता खरी जादू! मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेव. लागली नाडी? सावकाश श्वास घे... टक्‌टक्‌टक्‌! आता हळूहळू सोड... टक्‌... टक्‌... टक्‌... अरेच्चा! श्वास घेताना हृदय पळतं आणि सोडताना रेंगाळतं! आणि ओळख पाहू, हा फरक आजोबांच्या नाडीत जास्त की तुझ्या? तुझ्या! मुलांमध्ये तो छान कळतो.

असं का? मेंदूपासून हृदयापर्यंत एक लांब नस येते. ती म्हणजे सायकलचा ब्रेकच! श्वास घेताना ब्रेक सैल होतो, सोडताना दाबला जातो. मग उच्छ्वास लांबवला तर? ब्रेक जास्त वेळ दाबलेला राहतो. हृदय शांत, आणि आपणही शांत!

घरात एखादा हट्टी दादा असतो ना? आपलं मुळीच ऐकत नाही, पण आजीचं ऐकतो. मग आपण आजीकडे जातो! हृदय म्हणजे तो दादा आणि श्वास म्हणजे आजी. मला तर प्राणायामातली हीच हुशारी सगळ्यात आवडते.

आणि लोणावळ्याला काय झालं, माहितेय? १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी तिथे कैवल्यधाम ही संस्था काढली. योगाच्या क्रिया करताना पोटात काय चालतं, ते त्यांनी चक्क क्ष-किरणांनी पाहिलं! 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक काढून त्यात ते प्रयोग छापलेही. शंभर वर्षांपूर्वी!

एक प्राणायाम तर तुला आत्ताच जमेल. भ्रामरी! भ्रमर म्हणजे भुंगा. नाकानं श्वास घे, ओठ मीट आणि गुणगुण, म्मम्मम्म... डोक्यात कसं मस्त घुमतं! आणि या घुमण्यात लपलंय काय? लांबच लांब उच्छ्वास!

विश्वास नाही बसत? ओठ मिटूनच गुणगुणत राहा आणि मध्येच नाक चिमटीत धर. भुंगा गप्प!