लक्षद्वीपचा ‘दुसरा मालदीव’ का होऊ नये
जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आणि ‘आता मालदीवला जायचे कशाला’ असे सर्रास बोलले जाऊ लागले. बेटे 36, वस्ती फक्त 10 बेटांवर, म्हणजे जागा हवी तेवढी पडून आहे, असा या उत्साहामागचा समज. प्रत्यक्षात सगळी बेटे मिळून भरतात जेमतेम 32 चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेनुसार तिथे 64,473 माणसे राहतात. मालदीवकडे सुमारे बाराशे बेटे आहेत; ती तुलना इथे लागू पडत नाही. जागेपेक्षाही मोठी अडचण पाण्याची. लक्षद्वीपमध्ये नद्या नाहीत. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते, आणि उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी चढते. खारे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प 2005 मध्ये कवरत्तीला सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. रहिवाशांना तो मोठा आधार आहे, पण पोहण्याचे तलाव भरण्यासाठी तो उभारलेला नाही.

दुसरा समज अधिक घातक: समुद्र चढतो आहे, बेटे बुडणारच, मग पर्यटकांना आवरून काय साधणार? हे अर्धसत्य आहे. ही बेटे प्रवाळाच्या चुऱ्यापासून झालेल्या वाळूची आहेत. भोवतीची जिवंत प्रवाळभित्ती लाटांचा जोर मोडते आणि नवी वाळूही पुरवते. भित्ती खचली की पाणी डोक्यावर येण्याच्या कितीतरी आधी धूप बेट खाते. बंगारमजवळचे परळी-1 हे निर्मनुष्य बेट असेच धुपून नाहीसे झाल्याचे 2017 मध्ये एका अभ्यासातून पुढे आले. 1998, 2010 आणि 2016 च्या सागरी उष्णतेच्या लाटांत प्रवाळ पांढरे पडले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घकालीन नोंदींनुसार 1998 मध्ये सुमारे 37 टक्के असलेले जिवंत प्रवाळाचे आच्छादन आता 20 टक्क्यांच्याही खाली आहे. ही उष्णता लक्षद्वीपने निर्माण केलेली नाही, हे खरेच. पण दोन लाटांच्या मधल्या काळात प्रवाळ सावरणार की नाही, हे सांडपाणी, नांगर आणि गाळ उपसणे यांवर बरेच अवलंबून असते, आणि ते आपल्या हातात आहे.

स्थानिकांना रोजगार नको का, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तिथला मुख्य रोजगार आजही ट्यूनाची, म्हणजे आपल्या कुप्याची, काठी-गळाने होणारी मासेमारी आहे. तिला लागणारे जिवंत आमिष-मासे बेटाभोवतीच्या उथळ, शांत पाण्यातून आणि प्रवाळांतूनच मिळतात. ते पाणी नासवणारे रिसॉर्ट दहा नोकऱ्या देईल, पण मच्छीमारांचे आमिषच हिरावून घेईल. त्याउलट गावातल्या घरगुती निवासांत पैसा थेट कुटुंबाकडे जातो आणि पाहुण्यांची संख्या विहिरीच्या बेताने राहते.

लक्षद्वीपला जाण्यासाठी लागणाऱ्या प्रवेश परवान्याकडेही अनेकजण सरकारी कटकट म्हणून पाहतात. संख्या आटोक्यात ठेवणारी तीच एक व्यवस्था आज हाताशी आहे; ती सैल करण्याची मागणी आपण करू नये. जायचे असेल तर दोन-तीन धावत्या सहलींऐवजी एकदाच जा, जास्त दिवस राहा, प्रवाळावर पाय ठेवू नका आणि खोली ठरवण्याआधी मालकाला विचारा: पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते?