'आचारसंहिता आहे' म्हटलं की महापालिकेची सेवा थांबते का?

"आत्ता काही होणार नाही, आचारसंहिता लागलीय." १५ डिसेंबर २०२५ ला राज्य निवडणूक आयोगाने महापालिका निवडणुकांचं वेळापत्रक जाहीर केलं आणि त्या दिवसापासून अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हे वाक्य कानावर पडत होतं. गटार तुंबलं? आचारसंहिता. पाइप फुटला? आचारसंहिता. मतदान १५ जानेवारीला, मोजणी १६ ला. म्हणजे महिनाभर शहराने पॉज बटण दाबलंय, असाच लोकांचा समज झाला होता.

तर मित्रांनो, हा समज चुकीचा आहे. आचारसंहिता नक्की काय अडवते, काय अडवत नाही आणि फोन हातात असताना आपल्याला काय करता येतं, ते आज बघूया.

आधी नियम. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हा नियम एका साध्या 'इफ-एल्स'सारखा दिसतो. प्रश्न एकच विचारायचा: हे काम नवीन आहे का? नवीन योजनेची घोषणा, भूमिपूजन, नवीन निधी, अजून जागेवर सुरूच न झालेलं काम, हे सगळं निकालापर्यंत थांबतं. कारण उघड आहे. सत्तेत असलेल्याने मतदानाच्या तोंडावर रस्त्याचा नारळ फोडला तर तो प्रचारच झाला. पण आधीपासून चालू असलेलं काम चालूच राहतं. आणि रोजची सेवा, म्हणजे पाणी, कचरा, मलनिःसारण, दवाखाने, अग्निशमन, दुरुस्ती, यांचा आचारसंहितेशी संबंधच नाही. तुमच्या गल्लीत नवीन जलवाहिनी टाकायची मागणी असेल तर थांबावं लागेल. आहे ती जलवाहिनी गळतेय, तर ती दुरुस्त करायला कोणतीही निवडणूक आडवी येत नाही. मॅनहोलचं झाकण गेलंय, तर ते आजच बसायला हवं.

याचं सगळ्यात कडू उदाहरण घाटकोपरचंच आहे. १३ मे २०२४ ला संध्याकाळी वादळी वाऱ्यात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर अजस्र होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. तेव्हा लोकसभेची आचारसंहिता लागू होती आणि मुंबईचं मतदान बरोबर आठवड्यावर, २० मे ला होतं. तरी अग्निशमन दल, एनडीआरएफ, पालिका सगळे कामाला लागले. मृतांच्या कुटुंबीयांना राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाखांची मदतही आचारसंहिता चालू असतानाच जाहीर केली. म्हणजे तातडीच्या वेळी नियम आड येत नाही, हे आपण याच उपनगरात पाहिलंय.

त्या घटनेत अजून एक गोष्ट होती आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. होर्डिंग ४० बाय ४० फुटांच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे, १२० बाय १२० फुटांचं होतं. पालिका म्हणाली, आमची परवानगीच नाही. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली होती. मग जबाबदार कोण? मुंबईत तक्रार अडकते ती बऱ्याचदा आचारसंहितेमुळे नाही, तर ती चुकीच्या दारात पडल्यामुळे अडकते.

तुमची तक्रार कोणाच्या दारात?

आता नीट लक्ष द्या, कारण इथे भलेभले गोंधळतात. निवडणुकीचे प्रभाग वेगळे आणि पालिकेचे प्रशासकीय विभाग वेगळे. प्रभाग २२७, त्यांना नंबर असतात, तिथून नगरसेवक निवडून येतो. विभागांना मात्र इंग्रजी अक्षरं आहेत आणि काम तिथल्या वॉर्ड ऑफिसमधून होतं. बोरिवली म्हणजे आर-मध्य, मुलुंड म्हणजे टी, घाटकोपर म्हणजे एन. अंधेरीत रेल्वे रुळांच्या पूर्वेला के-पूर्व, पश्चिमेला के-पश्चिम. या विभागाचा प्रमुख असतो सहायक आयुक्त. तो निवडून आलेला नसतो, म्हणून निवडणुकीने तो जातही नाही. तसंही मागच्या महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. तेव्हापासून जवळपास ४ वर्षं मुंबईत एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली तेव्हा कुठे ही निवडणूक झाली. नगरसेवक नसताना ४ वर्षं कचरा उचलला गेला, तर आचारसंहितेच्या महिन्यात का नाही?

शिवाय प्रत्येक गोष्ट पालिकेची नसते. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर बोरिवली-अंधेरीत वीज अदानीकडे आहे, पण मुलुंडला महावितरण. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे होते, २०२२ मध्ये ते पालिकेकडे आले. त्यामुळे हायवेवरच्या खड्ड्यासाठी आता पालिकाच. पण मेट्रोच्या बॅरिकेडमधला खड्डा असेल तर एमएमआरडीएला विचारा.

तक्रार टाकायची कशी?

सगळ्यात जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग म्हणजे १९१६. हा २४ तास चालणारा नंबर आहे आणि आपत्कालीन नियंत्रण कक्षही याच नंबरवर आहे. झाड पडलं, पाणी तुंबलं, झाकण उघडं आहे, अशा वेळी ॲप उघडत बसू नका, सरळ फोन लावा.

बाकी गोष्टींसाठी पालिकेचा व्हॉट्सॲप चॅटबॉट आहे, ८९९९ २२ ८९९९. तो जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाला. खड्ड्यांसाठी २०२५ च्या पावसाळ्यात 'पॉटहोल क्विकफिक्स' हे वेगळं ॲप आलं. कुठूनही तक्रार टाकली तरी शेवटी एक तिकीट तयार होतं. त्यात चार गोष्टी असतात: प्रकार, जागा, वेळ आणि सध्याची स्थिती. यातल्या प्रकार आणि जागा या दोन गोष्टींवरून ते कोणाच्या टेबलावर जाणार ते ठरतं. गळक्या पाइपची तक्रार तुम्ही 'रस्ता' या प्रकारात टाकली तर ती रस्तेवाल्याकडे जाईल, तो म्हणेल माझं काम नाही आणि तिकीट बंद. त्यात त्याचा दोष थोडा, आपला जास्त.

जागेचं तर विचारूच नका. तुम्ही फोटो काढता तेव्हा लोकेशन चालू असेल तर फोन त्या फाइलच्या आतच अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. याला एक्झिफ डेटा म्हणतात. पण व्हॉट्सॲपवर फोटो साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ही माहिती गळून पडते. प्रायव्हसीसाठी चांगलंच आहे, पण खड्ड्याचा पत्ता मात्र हरवतो. म्हणून लोकेशन पिन वेगळी पाठवा. आणि पिन टाकताना घाई नको. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो, पण टॉवरच्या मधल्या गल्लीत किंवा फ्लायओव्हरखाली सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि निळा ठिपका भलतीकडेच उभा राहतो. अंधेरी स्टेशनच्या आसपास तो रुळांपलीकडे सरकला तर तुमची तक्रार थेट दुसऱ्या वॉर्डात! १०-१५ सेकंद थांबा, ठिपका स्थिर होऊ द्या आणि सोबत जवळच्या दुकानाचं किंवा सोसायटीचं नाव लिहा. शेवटी जागेवर येणारा माणूस अक्षांश-रेखांश बघत नाही, "त्या मेडिकलच्या समोर" असंच शोधतो.

तिकीट नंबर मिळाला की स्क्रीनशॉट ठेवा. काम न होता तिकीट बंद झालं तर त्याच जागेचा नवा फोटो आणि जुना नंबर, दोन्ही जोडून परत टाका.

उशीर होणारच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पालिकेचे हजारो कर्मचारी निवडणुकीच्या ड्युटीवर होते. माणसांची इतकी ओढाताण होती की कोर्टाच्या कर्मचाऱ्यांनाही ड्युटीवर बोलावलं गेलं आणि उच्च न्यायालयाला ते थांबवावं लागलं. काउंटरवर एरवी तिघं असतात तिथे एक जण दिसला तर त्याच्यावर ओरडून उपयोग नाही.

पण दाखले आणि परवान्यांचं काय? त्यांच्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते आणि ती उलटली तर अपील करता येतं. निवडणूक काळात ही मुदत वाढवता येते, अशी सोय त्याच कायद्यात आहे. 'वाढवता येते' या शब्दांकडे बघा. ती आपोआप वाढत नाही, कोणीतरी ती वाढवावी लागते. काउंटरवर "निवडणुकीनंतर या" असं उत्तर मिळालं तर मुदत वाढवल्याचा आदेश आहे का आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं शांतपणे विचारा. जमलं तर उत्तर लेखी मागा. खड्डा आणि गटाराची तक्रार मात्र या कायद्यात नको, ती १९१६ वरच.

जाता जाता एक सावधगिरी. प्रचाराच्या पत्रकांवर "तुमची समस्या सांगा" असा क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून लिहिलेली तक्रार पालिकेच्या सिस्टिममध्ये जात नाही. तिला तिकीट नंबर नसतो. जातो तो फक्त तुमचा मोबाइल नंबर आणि पत्ता, उमेदवाराच्या यादीत. द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण गळणारा पाइप १९१६ ला कळवून मग द्या.