पाचर : फोडणारी व जोडणारी

काँक्रीटची भिंत ओतण्यासाठी ठराविक मापाचे चौकटबंद फलक शेजारी शेजारी उभे करून साचा रचतात. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलोग्रॅम असते. म्हणून ३ मीटर उंचीची भिंत एकदम ओतल्यास साच्याच्या तळाशी चौरस मीटरला सुमारे ७२०० किलोग्रॅम वजनाइतका दाब येऊ शकतो. सांधा किंचित उघडला तरी सिमेंटचे पाणी झिरपून जाते व तेथील भिंत पोकळ राहते. यास्तव लगतच्या चौकटींच्या कडा शिकंज्यात धरून त्याची पाचर हातोड्याने ठोकतात. पाचरीचा उतार घर्षणकोनाहून कमी असल्याने ती आपोआप मागे सरत नाही. अरुंद टोकावर उलट ठोका बसला म्हणजे मात्र सुटते.

मराठी वाक्प्रचारात पाचर मारणारा मनुष्य काम अडवितो. लाकूडफोड्याची पाचर ओंडका दुभंगते. परंतु त्याच्याच कुऱ्हाडीच्या दांड्यातील पाचर पाते घट्ट धरते. शिकंज्यातील पाचर या दुसऱ्या कुळातील होय. वस्तू एकच, तिचा अर्थ ठरतो तो जागेवरून. परिभाषा घडविणाऱ्याने नवा शब्द योजण्यापूर्वी कारागिराच्या तोंडचा हा शब्द पारखून पाहावा.