सातबाऱ्यावर नाव चढवणारा विषाणू

२०२१ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही लसीकरण केंद्राबाहेर रांगेत उभं राहिलं, की दोन वाक्यं हमखास कानावर पडायची. एक मोठ्यानं : ‘आज स्टॉक संपला’. दुसरं दबक्या आवाजात : ‘या लशीनं म्हणे आपला डीएनए बदलतो’. गंमत अशी, की ती लस, कोविशील्ड, हडपसरजवळ मांजरीला बनत होती. आणि ज्या विषाणूला माणसाच्या डीएनएत खरोखरच घुसता येतं, त्याचा अभ्यास शहराच्या दुसऱ्या टोकाला, भोसरीच्या एमआयडीसीत, १९९२ पासून चालू होता. तिथली ती राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. इंग्रजी आद्याक्षरांमुळे तिला सगळे ‘नारी’ म्हणतात, आणि नावावरून ती महिलांची संस्था वाटावी अशी सोय आपोआप झाली आहे. अलीकडे तिचं नाव बदलून लांबलचक झालं, पण तोंडात बसलेलं नाव काही सुटत नाही.

रांगेत कुजबुजणाऱ्यांची भीती सर्वस्वी काल्पनिक नव्हती. डीएनएत शिरकाव करणारे विषाणू असतात. चूक एवढीच होत होती, की एका कुळाचा गुन्हा सगळ्या विषाणूंच्या आणि वर लशीच्याही माथी मारला जात होता.

गैरसमज : विषाणू पेशीत शिरला, म्हणजे डीएनएत शिरला.

शेत कसायला घेणारा वेगळा आणि सातबाऱ्यावर नाव चढवून बसणारा वेगळा, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. डेंगी, चिकुनगुन्या, कोरोना हे सगळे आरएनए-विषाणू पेशीत शिरतात, तिचं सामान वापरून आपल्या प्रती काढतात आणि बाहेर पडतात. पेशीच्या दप्तरखान्यात, म्हणजे केंद्रकात जपलेल्या डीएनएत, त्यांची नोंद होत नाही. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तेव्हा गावाला धडकी भरली. पण झिकाही याच जातीचा. आला तसा जाणारा.

रेट्रोव्हायरस मात्र नाव चढवतो. एचआयव्ही त्यातला सगळ्यांत कुप्रसिद्ध.

इथे आणखी एक बारीक चूक दुरुस्त करायला हवी, कारण ती चांगल्या शिकलेल्यांच्या तोंडीही असते. ‘हा विषाणू आपला डीएनए आपल्या पेशीत सोडतो’ असं म्हटलं जातं. पण एचआयव्हीच्या कणात डीएनए नसतोच. असतात त्या आरएनएच्या दोन प्रती, प्रत्येकी जेमतेम पावणेदहा हजार अक्षरांच्या. आपला डीएनए तीन अब्ज अक्षरांचा, आणि दप्तर फक्त डीएनएच्या लिपीत चालतं. मग आरएनएत लिहिलेला कागद दाखल व्हायचा कसा?

त्यासाठी विषाणू दोन कारकून बरोबर घेऊन येतो. पहिला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. हे एन्झाइम आरएनए वाचून त्याचा डीएनए लिहितं. पेशीतला नेहमीचा व्यवहार डीएनएकडून आरएनएकडे चालतो, हा उलटा चालतो, म्हणून ‘रेट्रो’. दुसरा इंटिग्रेज. तो नव्यानं लिहिलेल्या डीएनएची दोन्ही टोकं पकडतो, प्रत्येक टोकाची दोन-दोन अक्षरं कातरतो, आपल्या डीएनएला छेद देतो आणि ही टोकं तिथे जोडतो. राहिलेल्या फटी आपल्याच पेशीतली दुरुस्तीची एन्झाइमं इमानेइतबारे बुजवतात. घरफोडी झाल्यावर घरमालकानंच भिंत लिंपून द्यावी तसं. एचआयव्हीच्या बाबतीत या लिंपणाची खूणही राहते. जोडाच्या दोन्ही बाजूंना आपलीच पाच अक्षरं दुहेरी उमटतात. पेशीत शिरल्यापासून नोंद पक्की होईपर्यंत सुमारे एक दिवस लागतो.

असा जोडला गेलेला डीएनए म्हणजे प्रोव्हायरस. पेशीचं विभाजन झालं, की दोन्ही नव्या पेशींच्या उताऱ्यावर तो आहेच.

या उलट्या लेखनावर शास्त्रज्ञांचाही आधी विश्वास बसला नव्हता. हॉवर्ड टेमिन या अमेरिकी संशोधकानं १९६४ मध्ये म्हटलं, की कोंबड्यांत कर्करोग घडवणारा आरएनए-विषाणू पेशीत डीएनएच्या रूपानं राहत असावा. जवळपास कुणी ते मनावर घेतलं नाही. १९७० मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे ते एन्झाइमच शोधून काढलं, आणि १९७५ मध्ये दोघांना रेनाटो डुल्बेको यांच्यासह नोबेल मिळालं. एचआयव्ही सापडला १९८३ मध्ये. तोवर त्याच्या पहिल्या कारकुनाची ओळख पटलेली होती, ही नशिबाची गोष्ट. नाहीतर औषध शोधायला आणखी किती वर्षं गेली असती, कोण जाणे.

गैरसमज : लशीतला आरएनए किंवा डीएनए आपल्या जनुकांत जाऊन बसतो.

आता रांगेतल्या कुजबुजीकडे. कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या एका अॅडिनोव्हायरसचा निरुपद्रवी केलेला सांगाडा आहे आणि त्याच्या पोटात डीएनए आहे. हा डीएनए केंद्रकात जातो, हे खरं. ते लपवण्यात काही अर्थ नाही, लपवलं की अफवा दुप्पट होते. पण हा सांगाडा इंटिग्रेज बाळगत नाही. डीएनए सुटाच राहतो, त्यावरून काही काळ प्रथिन बनतं, आणि पेशीबरोबर त्याचाही निकाल लागतो.

हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीची एमआरएनए लस, जून २०२२ मध्ये परवानगी मिळालेली, भारतात बनलेली या प्रकारची पहिली, हिच्याबद्दल भीती जास्त, कारण ती ‘स्वतःच्या प्रती काढणारी’ आहे. हे शब्दच घाबरवणारे. पण तिच्यासोबतचं एन्झाइम आरएनएवरून आरएनए काढतं, तेही केंद्रकाबाहेर. आरएनएवरून डीएनए लिहिणारा पहिला कारकून तिच्याकडे नाही, टाके घालणारा दुसराही नाही.

‘माणसाच्या पेशीत उलटं लेखन होतच नाही’ असं मात्र छातीठोकपणे सांगू नये. आपल्या जनुकसंचातच लाइन-वन नावाचे जुने तुकडे आहेत आणि त्यांच्यापाशी अशी थोडी क्षमता आहे. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत एका एमआरएनए लशीपासून डीएनए तयार झाल्याचं दाखवलं, आणि व्हॉट्सअॅपवर दिवाळी झाली. त्या प्रयोगात तो डीएनए गुणसूत्रात जोडला गेल्याचं दाखवलेलं नव्हतं. माणसाच्या शरीरातला तर तो प्रयोगच नव्हता. पुढे पाठवलेल्या मेसेजमध्ये ही दोन वाक्यं तेवढी गळाली होती.

गैरसमज : एचआयव्ही जनुकांत शिरतो, म्हणजे तो आनुवंशिक.

नाही. तो प्रामुख्यानं रक्तातल्या सीडी-फोर या रोगप्रतिकारक पेशींत आणि तत्सम काही पेशींत नाव चढवतो. स्त्रीबीजात किंवा शुक्रपेशीत शिरून वंशात उतरल्याचं दिसलेलं नाही. आईकडून बाळाला होते ती लागण : गर्भारपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. आई औषधं घेत असेल, तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. वडिलांकडून बाळाला ‘वारशानं’ तर प्रश्नच नाही. लग्नाच्या बैठकीत ‘त्यांच्या घराण्यात आहे’ असं कुजबुजणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.

वंशात उतरलेले रेट्रोव्हायरस मात्र आपल्या प्रत्येकात आहेत! लक्षावधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत जे घुसले, त्यांचे अवशेष आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग व्यापून आहेत. बहुतेक निकामी. पण एकाचं आवरण-प्रथिन आपण कामाला लावलं आहे. त्याचं नाव सिन्सिटिन. गर्भाची वार बनताना पेशी एकमेकींत मिसळून एकसंध थर तयार होतो, तो याच प्रथिनामुळे. विषाणू ज्या युक्तीनं पेशीला चिकटत होता, तीच युक्ती आईला बाळाशी जोडते. शत्रूनं बांधलेली पायवाट वापरात यावी तसं.

गैरसमज : रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही, म्हणजे तो गेला.

सातबारा म्हणजे दोन नमुने : सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पीक. व्हायरल लोडची तपासणी बारा बघते. रक्तात विषाणूचं पीक किती आलंय ते मोजते. गोळ्या नियमित घेतल्या, की काही महिन्यांत पीक इतकं घटतं, की यंत्राला दिसत नाही. पण सातवरचं नाव कायम असतं. काही सीडी-फोर पेशी वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात. त्यांच्यातला प्रोव्हायरसही झोपलेला, शेत पडीक, बारा कोरा. गोळ्या थांबल्या, की बहुतेकांत काही आठवड्यांत पीक पुन्हा उभं राहतं. विषाणू खरोखर निपटला, असं म्हणता येण्याजोगी माणसं जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला पहिला टिमोथी ब्राउन, ज्याचं बर्लिनमध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जारोपण झालं. तो उपाय इतका जीवघेणा आहे, की कर्करोग नसलेल्याला कुणी डॉक्टर सुचवणार नाही.

सात बघणारी तपासणीही आहे, आणि तिची गरज सर्वांत जास्त बाळांना लागते. दीड वर्षापर्यंत बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं रेंगाळत असल्यानं नेहमीची चाचणी फसवते. म्हणून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून काही थेंब कागदावर टिपून वाळवतात आणि त्यात विषाणूचा डीएनए शोधतात. भोसरीच्या संस्थेत या तपासण्याही होत आल्या आहेत.

गैरसमज : एकदा जनुकांत बसला, मग औषधाचा उपयोग काय?

हा सगळ्यांत घातक, कारण यामुळे माणसं गोळ्या सोडतात. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रावर आज बहुतेक प्रौढांना मिळणारी टीएलडी नावाची एकच गोळी घ्या. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. पहिली दोन औषधं डीएनएच्या अक्षरांसारखी दिसणारी खोटी अक्षरं आहेत. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज ती वापरतो आणि वाक्य मध्येच तुटतं. तिसरं थेट इंटिग्रेजचा हात पकडतं. वर सांगितलेलं टोक जोडण्याचं काम ज्या खोबणीत होतं, तिथल्या मॅग्नेशियमला धरून ते बसतं, आणि लिहून तयार असलेला कागद दप्तराबाहेरच राहतो. जुनी नोंद गोळी पुसत नाही, नवी होऊ देत नाही. सीडी-फोर पेशी सावरायला तेवढं पुरतं.

जोडीदारालाही पुरतं. ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा, ज्यांत एकालाच लागण होती, एक मोठा अभ्यास झाला. पुणे त्याच्या केंद्रांपैकी एक होतं. लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निकाल २०११ मध्ये आला. पुढे जगभर सगळ्याच बाधितांना लगेच औषध देण्याचं धोरण आलं, त्यामागे या निकालाचं वजन मोठं होतं. भारतात ते २०१७ पासून लागू आहे. पुण्यातल्या ज्या जोडप्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं रक्त दिलं, त्यांची नावं कधी कळणार नाहीत. पुणेरी अभिमानाच्या यादीत मी त्यांना बऱ्याच वरती घालीन.

लशीच्या आघाडीवर असं यश नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये भारतातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी भोसरीच्या याच संस्थेत सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागी झाली नाही. इतर आजारांत लशीनं थोडा उशिरा पहारा दिला तरी चालतं. इथे चोर एका दिवसात मालक होतो.

टाके घालण्याची हीच विद्या आता माणसानं उसनी घेतली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेली नेक्सकार-नाइन्टीन ही कर्करोगावरची उपचारपद्धती एचआयव्हीच्याच कुळातल्या, दात काढलेल्या विषाणूकडून रुग्णाच्या पेशीत नवं जनुक बसवून घेते. धोका शून्य नाही. पॅरिसमध्ये १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या एका जनुकोपचारात दुसऱ्या जातीच्या रेट्रोव्हायरसनं जनुक नको त्या जागी टाकलं आणि काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. नोंद कोणत्या गटात पडते, यालाही महत्त्व असतं.

राहता राहिली हरकतीची मुदत. जमिनीच्या फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. इथे ७२ तास. रुग्णालयात वापरलेली सुई टोचली, बलात्कार झाला, असा कुठलाही धोक्याचा संबंध आला, तर ‘बघू, महिन्यानं टेस्ट करू’ म्हणत थांबू नका. विषाणू पहिल्या काही पेशींतून शरीरभर पसरायला थोडा अवधी लागतो, आणि तेवढ्यातच दोन्ही कारकुनांना अडवता येतं. थेट सरकारी रुग्णालयात जा, शक्यतो पहिल्या दोन तासांत. गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. शंका विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे.