परचेसच्या साहेबांचा नंबर

कारखान्याला कटिंग टूल, बेअरिंग, पुठ्ठ्याची खोकी किंवा हातमोजे विकायचे तर भावाच्या आधी माणूस गाठावा लागतो. परचेसला कोण बसतं, त्यांना कुठल्या नंबरवर फोन लावायचा आणि लागला तर बोलायचं काय? नाव, नंबर आणि निमित्त. गेल्या साठेक वर्षांत यातल्या पहिल्या दोन गोष्टी दुर्मीळ होत्या त्या जवळपास फुकट झाल्या. तिसरी होती तिथेच राहिली, आणि पहिल्या दोन स्वस्त झाल्याचा भुर्दंड तिलाच बसला.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून सुरुवात झाली. पुढे भोसरी, सातपूर, चिकलठाणा, हिंगणा, कुपवाड ही नावं कारखान्यांमुळे ओळखली जाऊ लागली. विकणाऱ्याची मोठी सोय ही झाली, की गिऱ्हाइकं एका जागी आली. प्लॉट नंबर धरून चालत सुटलं की संध्याकाळपर्यंत एक अख्खा ब्लॉक पालथा घालता यायचा. जाडजूड इंडस्ट्रियल डिरेक्टऱ्याही होत्या. मद्रासहून निघणारी कोठारींची त्यांत नावाजलेली. पण त्या महाग, आणि त्यांत नावं असायची ती संचालकांची. संचालक काही हातमोजे विकत घेत नाहीत.

तेव्हाचं लेटरहेड पाहिलं तर कोपऱ्यात तारेचा पत्ता दिसतो. तारेला शब्दामागे पैसे पडत, म्हणून कंपन्या वर्षाची फी भरून तारखात्याकडे एखादा छोटा शब्द नोंदवून ठेवत. तो शब्द आणि गावाचं नाव, एवढ्यावर तार बरोबर पोचायची. त्याच्या शेजारी फोन नंबर, आणि धंदा लहान असला तर नंबराच्या पुढे ‘पी.पी.’. म्हणजे फोन शेजारच्याचा. नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे अर्धी औद्योगिक वसाहत कुणातरी वाण्याच्या किंवा डॉक्टरच्या फोनवर चालायची. ‘जरा मागच्या शेडमधल्या पाटलांना बोलावता का?’ असं म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा फोन करायचा. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. ऑर्डिनरी लावला तर दिवस जायचा, अर्जंट लावला तर दुप्पट पैसे जायचे.

म्हणून खरी माहिती मिळायची ती गेटवर. वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलावर काच, काचेखाली टाइप केलेली इंटरकॉमची यादी : स्टोअर्स, क्वालिटी, परचेस, प्रत्येकापुढे नाव आणि दोन आकडी नंबर. ती यादी बाहेरच्या बाजूने, म्हणजे उलटी, वाचता येणं ही सेल्समनची पहिली पात्रता. शेजारी येणाऱ्यांच्या नोंदीची वही. ‘कोणाकडे काम आहे?’ या रकान्यात सकाळपासून कोण कोण कोणाला भेटून गेलं ते दिसायचं. आपल्या प्रतिस्पर्ध्याची हजेरीही तिथेच कळायची. परत येताना गेटपासवर भेटलेल्या माणसाची सही लागायची. ती वाचता आली की पुढच्या खेपेला वॉचमनला नाव सांगता यायचं. आणि नाव सांगणाऱ्याला वॉचमन जरा कमी अडवतो.

इतकी खटपट करून मिळवलेला नंबर आपोआप जपला जायचा. आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी दिलेला असायचा. ‘फोन करा, माझं नाव सांगा.’ नंबरासोबत निमित्तही हाती यायचं. अर्थात ज्याच्या मागे असं नाव सांगणारं कुणी नव्हतं, त्याला ही पद्धत फार निष्ठुर होती. जातगोताचं, व्यापारी घराण्याचं किंवा कंपनीतल्या जुन्या नोकरीचं पाठबळ नसलेला मुलगा गेटवरच अडकायचा.

अशांसाठी डिरेक्टरी हा मोठा आधार. १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले. १९७ फिरवला की पलीकडून नंबर सांगितला जायचा, फक्त नाव नि पत्ता अचूक पाहिजे. अडचण तीच होती. ज्याचं नाव माहीत आहे त्याचा नंबर मिळत होता. ज्यांचं नावच माहीत नाही त्यांचं काय? ‘अंधेरीतले सगळे इलेक्ट्रोप्लेटिंगवाले’ ही चौकशी वर्णानुक्रमाने लावलेल्या जाड पुस्तकाला विचारता येत नव्हती.

ती सोय पिवळ्या पानांनी केली. धंद्यानुसार लावलेली ही यादी मुळात गिऱ्हाइकाने विक्रेता शोधावा म्हणून असते. पण औद्योगिक माल विकणारे ती सर्रास उलटी वापरत. प्लेटिंगची रसायनं विकणारा ‘इलेक्ट्रोप्लेटिंग’ हा मथळा उघडून बसे, कारण प्लेटिंगवाल्यांनी गिऱ्हाइकं मिळवायला दिलेल्या जाहिराती हीच त्याच्या गिऱ्हाइकांची यादी. चौकोनी जाहिरात देणारा म्हणजे पैसे बाळगून असलेला, एका ओळीत उरकणारा म्हणजे जेमतेम, असा अंदाजही बांधला जाई.

या पिवळ्या पानांवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टाटा प्रेस मुंबईत यलो पेजेस काढत होती. टेलिफोन डिरेक्टरी काढायचा अधिकार आपला एकट्याचा आहे, असं महानगर टेलिफोन निगमचं म्हणणं. १९९५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की पैसे घेऊन छापलेल्या व्यापारी जाहिरातींचं पुस्तक म्हणजे टेलिफोन खात्याची डिरेक्टरी नव्हे. निकालाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. व्यापारी जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, आणि अशी माहिती मिळणं हा लोकांचाही हक्क आहे, असं न्यायालयाने म्हटलं. धंद्याचा नंबर शोधणाऱ्याला यापेक्षा भक्कम पाठिंबा कुठून मिळणार होता?

१९९५ हे साल दुसऱ्याही कारणांनी लक्षात राहतं. ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुलं केलं. पुढच्याच वर्षी दोन उद्योग उभे राहिले. मुंबईत व्हीएसएस मणी यांनी जस्टडायल सुरू केलं. फोन करा, काय हवं ते सांगा, पलीकडचा ऑपरेटर नंबर देईल. डिरेक्टरीला जो प्रश्न विचारता येत नव्हता तोच इथे विचारायचा होता. दिनेश आणि ब्रिजेश अगरवाल यांच्या इंडियामार्टने विक्रेत्यांची यादी थेट इंटरनेटवर मांडली. दोन्हींचं अर्थकारण सारखंच : शोधणाऱ्याला फुकट, यादीत वर दिसायचं तर पैसे.

मोबाइलचा नंबर मात्र सुरुवातीला कुणी सहज देत नव्हतं, आणि त्याचं कारण साधं होतं. आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. अनोळखी विक्रेत्याचं ऐकून घ्यायचं तर खर्च ऐकणाऱ्याचा! व्हिजिटिंग कार्डावर ऑफिसचा नंबर छापलेला असे; साहेबांनी मागे पेनाने मोबाइल लिहून दिला तर ती ऑर्डर आल्याची निम्मी खूण. २००३ मध्ये फोन करणाऱ्यानेच पैसे भरायची पद्धत आली आणि इनकमिंग फुकट झालं. नंबर दडवून ठेवायचं आर्थिक कारणच संपलं. तो कार्डाच्या पुढच्या बाजूला आला, मग टेम्पोच्या मागे, मग शटरवर.

तिथून पूर यायला वेळ लागला नाही. ‘डेटा’ हा शब्द तेव्हाच सेल्सच्या बोलीत रुळला. उद्योगवार, शहरवार याद्या सीडीवर मिळू लागल्या, मग पेनड्राइव्हवर. नावं कुठून गोळा केली ते विकणारा सांगत नसे, घेणारा विचारत नसे. त्यातले कितीतरी नंबर बंद, कितीतरी साहेब नोकरी बदललेले किंवा निवृत्त. लागलेल्या फोनवर माणूस आधीच वैतागलेला, कारण तीच सीडी अनेकांनी घेतलेली.

२००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आणली. २०११ पासून १९०९ वर विषयवार आपली पसंती कळवता येऊ लागली. २०१८ च्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकलं : धंद्याचे संदेश पाठवणाऱ्याने स्वतःची आणि संदेशाच्या मसुद्याचीही आधी नोंदणी करायची. माहिती मिळण्याचा हक्क १९९५ च्या निकालाने मान्य केला होता. ती नको म्हणण्याचा हक्क मान्य व्हायला आणखी बारा वर्षं लागली.

मोबाइलची छापील सार्वजनिक डिरेक्टरी आपल्याकडे कधी आलीच नाही. ती जागा स्टॉकहोममध्ये २००९ साली जन्मलेल्या ट्रूकॉलर या ॲपने घेतली आणि गोष्ट फिरली. आता नाव विक्रेत्याचंच आधी दिसतं. लोकांनी त्याला जसं सेव्ह केलं, जसं कळवलं, तसं. चांगला शिकलेला, टाय लावून जाणारा इंजिनिअर समोरच्याच्या पडद्यावर ‘बेअरिंगवाला’ म्हणून उगवतो. त्याहून ‘स्पॅम’ची लाल पट्टी वाईट. ती एकदा लागली की तोंड उघडायच्या आधीच फोन कापला जातो.

नंबराचा रस्ता अरुंद झाला तसा ओघ ईमेलकडे वळला. २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइनने गेटवरची ती काच सगळ्यांसाठी सुलट करून ठेवली. कोण कुठल्या कंपनीत परचेसला आहे, आधी कुठे होतं, कधी बढती मिळाली, सगळं त्याने स्वतःच लिहिलेलं. नाव कळलं की पत्ता ओळखणं म्हणजे कोडं सोडवणं. मोठ्या कंपनीत सगळ्यांचे ईमेल एकाच साच्याचे असतात, पहिलं नाव, टिंब, आडनाव. एकाचा माहीत झाला की बाकीचे बसवता येतात. हे काम करणारी साधनं निघाली. ती साचा ओळखतात आणि अशी पेटी आहे का हे कंपनीच्या मेल सर्व्हरलाच विचारून पाहतात. काही सर्व्हर कुठल्याही नावाला ‘आहे’ म्हणतात, तिथे साधनाचा अंदाज आणि आपला अंदाज सारखाच. पुन्हा तोच फेरा आला. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या : पाठवणाऱ्याची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध हवी, एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. हजार ईमेलमागे तीन वैतागलेले लोक म्हणजे संपलंच.

या सगळ्या गर्दीत एक साधन फारसं मिरवत नाही, पण कामाचं आहे. ते म्हणजे जीएसटीचा बोर्ड. जुलै २०१७ पासून नोंदणीकृत धंद्याने दर्शनी पाटीवर जीएसटी क्रमांक लावायचा असतो. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यातलं चौथं, म्हणजे डावीकडून सहावं, धंदा कसला ते सांगतं. तिथे ‘पी’ असेल तर मालकी एका माणसाची. तिथे परचेस खातं शोधत बसू नये, मालकालाच भेटावं, तेही सकाळी. ‘एफ’ असेल तर भागीदारी, खरेदी कुठला भागीदार पाहतो ते काढावं. ‘सी’ म्हणजे कंपनी. तिथे व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आधी मागावा. हाच क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली हे कुणालाही दिसतं. फोन नंबर दिसत नाही, आणि ते ठीकच आहे. समोरचा धंदा जिवंत आहे की नाही हे कळणं त्याहून मोलाचं.

२०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे साहेबांनी स्वतः आपला नंबर चारचौघांत मांडला असेल तर गोष्ट वेगळी. कुणाच्या तरी फोनबुकातून उचलून विकलेल्या यादीला तो आडोसा नाही. सीडीच्या काळात जो प्रश्न कुणी विचारत नव्हतं, तो आता कायदाच विचारतो आहे.

हे सगळे निर्बंध योग्यच आहेत. संध्याकाळी सातला कर्जाचा फोन घेणारा कुणीही ते मान्य करील. पण त्यांचा भार सारखा पडत नाही. मोठी कंपनी नोंदण्या करते, मसुदे मंजूर करून घेते, यादीत वर दिसायचे पैसे भरते, मेल सर्व्हर सांभाळायला माणूस ठेवते. कुपवाडला दोन लेथवर काम करणाऱ्याला हे जमत नाही. डिरेक्टरीने, पिवळ्या पानांनी आणि फुकट इनकमिंगने त्याला जे दार उघडून दिलं होतं, ते पूर आणणाऱ्यांच्या पापामुळे त्याच्यासाठीही लोटलं गेलं.

म्हणून तो पुन्हा ओळखीकडे वळतो आहे. फरक इतकाच, की ओळख आता जातगोतापुरती राहिलेली नाही. १९२७ मध्ये वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेला महाराष्ट्र चेंबर, पुण्याचा १९३४ चा मराठा चेंबर, माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेला सॅटर्डे क्लब, एमआयडीसीतल्या गावोगावच्या असोसिएशन, औद्योगिक प्रदर्शनं, या ठिकाणी वर्गणी किंवा तिकीट भरून कुणालाही शिरता येतं. प्रदर्शनात परचेसचा माणूस तुमच्या मशीनसमोर स्वतःच्या पायाने येऊन उभा राहतो आणि कार्ड देतो. त्या कार्डावरचा नंबर एरवीही शोधून मिळालाच असता. पण ‘त्या दिवशी तुम्ही थ्रेडिंगच्या इन्सर्टबद्दल विचारत होता’ हे वाक्य कुठल्याच यादीत विकत मिळत नाही.

नव्याने सेल्समध्ये आलेली मुलं पहिल्या आठवड्यात डेटा मागतात. द्यावा. पण त्यासोबत एक रिकामा रकानाही द्यावा, ‘फोन का करतोय’ असा, आणि तो भरल्याशिवाय फोन लावू देऊ नये. यादी निम्म्याहून कमी होईल. उरलेल्या नंबरांवर साहेब फोन उचलतील याची खात्री नाही. पण ज्यांनी उचलला, त्यांना तुमचा नंबर ब्लॉक करायचं कारण तरी राहणार नाही.