चिखलात साठलेला झाडांचा इतिहास

तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं पाहिली, की ती पूर्वापार इथलीच वाटतात. पण सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातला. पश्चिम किनाऱ्यावरची त्याची लागवड 19व्या शतकापासूनची. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचं मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेत. बांधावरचा गिरिपुष्पही तिकडचाच. मग या झाडांआधी इथे काय होतं?

उत्तर खाडीच्या चिखलात मिळू शकतं. परागकणांचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट पदार्थाचं असतं. हवा न पोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षं टिकतं. गाळात नळी खुपसून उभा नमुना काढायचा, कार्बन-14 वरून थरांचं वय ठरवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पराग मोजायचे. खारफुटीचे पराग वाढले, तर भरतीचं पाणी आत सरकलं असावं. गवताचे पराग आणि कोळशाचे कण एकत्र वाढले, तर वणवे किंवा जंगलतोड झाली असावी. भूमध्य समुद्राभोवतीच्या ऑलिव्ह बागांचा हजारो वर्षांचा इतिहास याच पद्धतीने उलगडला.

मोजणीत एक मेख आहे. सुरूचे पराग वाऱ्यावर उडतात, म्हणून भरपूर सापडतात. चिकूचे मुख्यतः कीटकांमार्फत जातात, म्हणून थोडेच. नुसत्या आकड्यांवरून बाग किती मोठी होती, हे सांगता येत नाही.

खाडीत भराव घातला की हे थर दबतात, उपसा केला की मिसळतात. म्हणून खारफुटी राखताना तिच्याखालचा गाळही राखायला हवा.