माझी ८.१२ आणि कोरियांचं शहर

बेलापूरहून ८.१२ ची सीएसएमटी पकडताना रोज प्रश्न पडतो : राहतो नवी मुंबईत, मग नोकरीला जुन्या मुंबईत का धावतो? उत्तर शोधताना मी पोचले चार्ल्स कोरियांपर्यंत.

जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. कॉलेज मुंबईत सेंट झेवियर्स, मग मिशिगन आणि एमआयटी. एवढ्या डिग्र्या खिशात असताना तिकडेच सेटल होणं सोपं होतं. पण ते परतले आणि १९५८ मध्ये मुंबईत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली.

१९६५ मध्ये प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत त्यांनी ‘मार्ग’मध्ये आयडिया मांडली : उत्तरेकडे ताणत जाणारी मुंबई खाडीपलीकडे वळवा. नुसती घरं नकोत, सरकारी ऑफिसंही न्या. १९७० मध्ये सिडको आली, कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. घरं उभी राहिली, १९९२ मध्ये वाशीला लोकल पोचली. मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतून हललंच नाही. मिळालं ना उत्तर?

रविवारी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चक्कर मारा. ऐंशीच्या दशकातलं हे त्यांचंच काम. एका अंगणाभोवती सात घरं, कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. कारण? पगार वाढला की घरही वाढवता यावं! अनेकांनी तर जुनं पाडून नवंच बांधलंय. अंगणं मात्र अजून आहेत.

२०१५ मध्ये कोरिया गेले. सोमवारी माझी ८.१२ आहेच.